ग्राउंडर उचलायला शिकवताना

मी बेसबॉलमध्ये शॉर्टस्टॉपला, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधल्या जागेवर खेळायचो. राज्य पातळीपुढे मजल गेली नाही, आता रत्नागिरीत पोरांना शिकवतो. अमेरिकेतला अर्ल वीव्हरसुद्धा मायनर लीगमधलाच, म्हणजे खालच्या स्तरावरचा सेकंड बेसमन, मेजर लीगचा, म्हणजे सर्वोच्च स्तराचा एकही सामना खेळला नाही. पण बाल्टिमोर ओरिओल्सचा मॅनेजर म्हणून १९७० ची वर्ल्ड सिरीज, म्हणजे तिथलं अजिंक्यपद जिंकला. असो.

ग्राउंडर म्हणजे जमिनीवरून येणारा चेंडू. तो उचलायला शिकवताना सुरुवातीला ग्लव्ह द्यायचाच नाही. टेनिस बॉल घ्या आणि ओहोटीला भाट्याच्या किनाऱ्यावर जा. ओली, घट्ट वाळू हवी. कोरडीत चेंडू रुततो. जांभ्याच्या मैदानावर नंतर या, तिथे तो कसा उसळेल याचा नेम नाही.

आपली पोरं क्रिकेटमधून येतात, चेंडू दिसला की गुडघा टेकून आडवी होतात. ही खोड आधी मोडा. चौकार अडवायला ते ठीक. इथे उचलून लगेच पहिल्या बेसवर फेकायचंय, आणि चेंडू मारून त्या बेसकडे धावणाऱ्याला जेमतेम ९० फूट कापायचे असतात. म्हणून पाय खांद्यांपेक्षा रुंद, बूड खाली, बोटं जमिनीकडे. डाव्या हातात चेंडू आला की उजवा वरून झाकणासारखा. चेंडू पायांत येऊ देऊ नका, पुढेच गाठा. मी तर ओरडतो, "नाक चेंडूत घाल रे मेल्या!" मग चेंडू पोटाशी, बोटं शिवणीला आडवी, डावा खांदा बेसकडे आणि फेक.

पावसाळ्यात ग्लव्हला बुरशी धरते. कोरड्या फडक्याने पुसा, आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, वाऱ्यावर ठेवा. चुलीजवळ नको, चामडं तडकतं. आणि खोबरेल तर बिलकूल चोपडू नका.