पंधरा मिनिटांची लढत आणि सहा तासांचं बसणं

तलवारबाजीच्या पहिल्या स्पर्धेच्या दिवशी सकाळी सात वाजता मी मिसळ खाल्ली. नाशिककराला रविवारी सकाळी दुसरं काय सुचणार? मामा आदल्या दिवशीच मुक्कामाला आला होता. "पोरीची पहिली मॅच" म्हणून हट्टाने घेऊन गेला तो, पण तर्री दोनदा मागवली ती मी. साडेदहाला पहिली बाउट, म्हणजे लढत, लागली. ऑन गार्डमध्ये, म्हणजे लढतीच्या पवित्र्यात, गुडघे वाकवून उभं राहिलं की पोट दाबलं जातं, हे वर्षभराच्या सरावातून ठाऊक होतंच. त्या दाबाखाली तर्री असली की काय होतं, ते त्या दिवशी कळलं. शिवाय मास्कच्या आत आपलाच श्वास आपल्याला परत मिळतो. कांद्यासकट.

पाचपैकी चार बाउट हरले. सगळा दोष मिसळीच्या माथी मारत नाही, पण तिचा वाटा होता.

मी इपी खेळते. घरी तलवारबाजी म्हटलं की आजीला दांडपट्टा आठवायचा आणि पाहुण्यांना शिवजयंतीची मिरवणूक. तेव्हा नव्यांसाठी दोन ओळी : या खेळात तीन तलवारी असतात. फॉइलमध्ये फक्त धडावर टोचायचं, सेबरमध्ये कमरेच्या वर जवळपास कुठेही, आणि तिथे पात्याच्या धारेनेही वार चालतो. इपीमध्ये डोक्यापासून पायाच्या अंगठ्यापर्यंत सगळं अंग खुलं. तलवार लागली की यंत्रावर दिवा लागतो. पहिल्या दोन्हींत दोघांचे दिवे एकदम लागले तर हल्ला कोणाचा, हे रेफ्री ठरवतात. इपीत तो वाद नाही, जिचं टोक आधी लागलं तिचा टच, म्हणजे गुण. दोघींची टोकं जवळजवळ एकाच क्षणी लागली तर दोघींना एकेक. खाली सांगतेय ते मुख्यतः इपीबद्दल आहे, पण खाणं आणि वाट पाहणं तिन्हींत सारखंच.

वाट पाहणं म्हणते कारण खरी स्पर्धा तीच असते. आमच्या पूलमध्ये, म्हणजे पहिल्या फेरीच्या गटात, सहा जणी होत्या, म्हणजे एकूण पंधरा बाउट आणि माझ्या वाट्याला पाच. पूलची बाउट पाच टचची किंवा तीन मिनिटांची, जे आधी संपेल ते. पाच बाउट पुऱ्या वेळ चालल्या तरी पंधराच मिनिटं होतात. मी तर नऊ-दहा मिनिटांतच आटोपले असेन. हॉलमध्ये मात्र आठपासून अडीचपर्यंत होते. वर्षभर सराव केला होता तो त्या दहा मिनिटांचा. उरलेल्या सहा तासांत काय करायचं, याचा विचार कोणी केला नव्हता, मीही नाही.

आता सामान. आदल्या रात्री बॅग भरायची, हे सगळेच सांगतात. मी म्हणेन, आठ दिवस आधी भरा आणि त्याच बॅगेतलं सामान घेऊन रोजचा सराव करा. माझी एक तलवार क्लबमध्ये झकास चालायची, स्पर्धेच्या तपासणीत नापास झाली. इपीच्या टोकावर ७५० ग्रॅमचं वजन ठेवतात, आणि आतल्या स्प्रिंगने ते वर उचललं पाहिजे. मग दोन पट्ट्या. दीड मिलिमीटरची पट्टी टोक आणि बॅरल (टोक बसतं ती नळी) यांच्या फटीत सहज जायला हवी. अर्ध्या मिलिमीटरची पट्टी घालून टोक दाबलं तर दिवा लागता कामा नये. माझी स्प्रिंग दमली होती. एका अनोळखी मुलीच्या वडिलांनी दोन बारीक स्क्रू काढून स्प्रिंग जरा ताणून दिली आणि वेळ निभावली. तेव्हापासून माझ्या बॅगेत एक जुना कंपास बॉक्स असतो. त्यात टोकाचे सुटे स्क्रू, दोन स्प्रिंग, बारीक पेचकस, पॉलिश पेपर आणि चिकटपट्टी. टोकाचा स्क्रू जमिनीवर पडला तर शोधत बसू नका, सापडत नाही. म्हणून दुरुस्ती नेहमी पांढऱ्या रुमालावर.

पॉलिश पेपर कशाला? समोरचीच्या गार्डवर, म्हणजे मुठीपुढच्या धातूच्या वाटीवर, टोक लागलं तर दिवा लागू नये, असा नियम आहे. गार्डवर गंज किंवा मळ साचला की तो दिवा लागतो. पावसाळ्यात आमच्याकडे ओले हातमोजे आणि तलवार एकाच बॅगेत दोन दिवस राहतात, मग गंज चढणारच.

तलवारी दोन हव्यात आणि बॉडी वायरही (तलवार यंत्राला जोडणारी, जॅकेटच्या आतून जाणारी वायर) दोन. हे ऐच्छिक नाही. पिस्टवर, म्हणजे लढतीच्या पट्टीवर, चढल्यावर रेफ्री पुन्हा वजन ठेवून पाहतात. तिथे तलवार नापास झाली की पिवळं कार्ड. त्याच बाउटमध्ये तशी दुसरी चूक झाली तर लाल, आणि लाल म्हणजे समोरचीला फुकटचा एक टच. पाच टचच्या बाउटमध्ये एक टच ही काय किंमत आहे, ते हिशेब करून पाहा. ज्यांना दुसरी तलवार परवडत नाही त्यांनी लाजू नये, क्लबमधल्या मैत्रिणीशी आधीच बोलून ठेवावं. मीही पहिली दोन वर्षं उसनीच वापरली. फक्त ती तुमच्याच पूलमध्ये नाही ना, ते बघा!

कपड्यांत घोटाळा होतो तो मापाचा. जॅकेट ऑन गार्डमध्येही पँटवर निदान दहा सेंटिमीटर यायला हवं. वाढत्या वयाच्या मुलांचं सहा महिन्यांत आखूड होतं आणि घरात कोणाच्या लक्षात येत नाही. आत प्लास्ट्रॉन (तलवारीच्या हाताच्या काखेचं जादा संरक्षण), मुलींना चेस्ट गार्ड सक्तीचा, मोजे गुडघ्यापर्यंत. नवा हातमोजा किंवा नवे बूट त्या दिवशी पहिल्यांदा घालू नका. जन्मदाखला आणि आधारची झेरॉक्स प्लास्टिकच्या पाकिटात, कारण बॅगेत पाण्याची बाटली असते आणि तिचं झाकण कधीतरी सैल राहतंच.

आणि वेळ. भवानी देवी हे नाव तुम्हाला माहीत असेल. ऑलिंपिकमध्ये खेळलेली पहिली भारतीय तलवारबाज, चेन्नईची. २०२१ मध्ये टोकियोत तिने पहिली लढत १५-३ अशी जिंकली. तीच भवानी २००७ साली तुर्कस्तानात पहिल्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेला गेली, तेव्हा तीन मिनिटं उशिरा पोचली आणि तिला काळं कार्ड मिळालं. काळं कार्ड म्हणजे स्पर्धेतून बाहेर. चौदा वर्षांची होती. आमचे सर ही गोष्ट दर स्पर्धेआधी सांगतात, आम्ही मागे बसून ओठ हलवत सोबत म्हणतो. पण त्यामुळे एक सवय लागली. हॉलवर पोचलं की आधी पिस्ट नंबर, पूलचा कागद आणि संडास कुठे आहे ते बघायचं, गप्पा नंतर. पूर्ण पोशाख चढवल्यावर संडासला जाऊन यायला किती मिनिटं लागतात, तेही एकदा घरी मोजून ठेवा.

खाण्यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण शिकले ते पोट बिघडवून.

आदल्या रात्री काही विशेष नको. घरात "उद्या मॅच आहे" म्हणून पनीर, पुरी, श्रीखंड असा बेत होतो आणि आईला नाही म्हणवत नाही. पण तेल-तुपाचं जड जेवण पचायला वेळ घेतं आणि झोपही जड होते. आमच्याकडे आता ठरलंय : मुगाच्या डाळीची खिचडी, वर चमचाभर तूप, ताक. किंवा वरणभात आणि बटाट्याची भाजी. भात हवा, कारण दुसऱ्या दिवशी पायांना लागणारं इंधन त्यातूनच येतं. पाणी आदल्या दुपारपासूनच नीट प्यायला लागा. सकाळी एकदम लिटरभर ढोसलं तर ते पायांत जात नाही, संडासच्या रांगेत जातं.

सकाळचा नाश्ता पहिल्या बाउटच्या अडीच-तीन तास आधी. कमी तेलाचे पोहे, उपमा, इडली किंवा दुधातली दशमी. मला पोहे मानवतात, माझ्या पूलमधल्या एका मैत्रिणीला पोह्यांनी जळजळते, ती दशमीवर असते. त्यामुळे इथे माझं ऐकू नका. सराव असलेल्या रविवारी नाश्त्याचे प्रयोग करा आणि जे पोटात गप्प बसतं ते निवडा. भीतीने सकाळी घास उतरत नसेल, माझा अजूनही उतरत नाही, तर केळं आणि गूळ घातलेलं दूध. रिकाम्या पोटी मात्र जाऊ नका. दुसऱ्या बाउटनंतर हात थरथरायला लागतो आणि आपल्याला वाटतं आपण घाबरलोय. प्रत्यक्षात भूक लागलेली असते. चहा रोज पीत असाल तर त्या दिवशीही प्या, एकच कप. रोज पीत नसाल तर जागं राहण्यासाठी म्हणून त्याच दिवशी सुरू करू नका.

पूल सुरू झाल्यावर खायचं ते दोन घासांचं. पूलमध्ये एका बाउटनंतर दुसरी कधी दहा मिनिटांत येते, कधी अर्ध्या तासाने. त्या मधल्या वेळेला डबा उघडून बसता येत नाही. माझ्या छोट्या डबीत खजूर, मनुका आणि राजगिऱ्याचा लाडू असतो. मनुका तर नाशिकमध्ये घरोघरी असतातच, विकतचे एनर्जी बार मी एकदा आणले होते, चघळता चघळता माझं नाव पुकारलं गेलं. लाडूसुद्धा मोडून लहान तुकडे करून न्या, कोरडा मोठा घास मास्क घालताना घशाला चिकटतो. अर्धं केळं चालतं. बाटल्या दोन : एकीत साधं पाणी, दुसरीत लिंबू, साखर, मिठाचं सरबत. पत्र्याच्या छपराखालच्या हॉलमध्ये एप्रिल-मेमध्ये जाड जॅकेट घालून खेळताना घाम असा येतो की हातमोजा पिळता येतो. नुसतं पाणी मग पुरत नाही. घोट घोट प्या, बाउट संपल्यावर लगेच, पुढच्या बाउटच्या तोंडावर नाही.

पूल संपून बाद फेरी लागेपर्यंत बहुतेक वेळा तासभर तरी जातो. निकालाची बेरीज, यादी, हरकती, कोणीतरी प्रिंटर शोधतंय. हा वेळ दहीभाताचा. गार, मऊ, पोटाला त्रास न देणारा, अर्धी वाटी. गूळपोळीही चालते. आयोजकांकडून येणारी पुरीभाजी घेऊन ठेवा, पण हरल्यावर किंवा जिंकल्यावर खा. सोड्याच्या बाटल्या अजिबात नकोत, लंज मारताना, म्हणजे पाय पुढे टाकून झेपावताना, ढेकर येतो.

आता त्या दहा मिनिटांबद्दल. हॉलवर धावून, पाय हलवून, दोन-तीन सरावाच्या बाउट खेळून अंग गरम करा, मात्र तिथेच सगळं खर्चून बसू नका. माझ्या पहिल्या स्पर्धेत मी सरावाच्या बाउट जिंकल्या होत्या, फार अभिमानाने सांगायचे मी. बाउटच्या मध्ये जॅकेट काढून बसू नका, अंग गार पडतं.

इपीचं एक गणित मला कोणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. ४-३ अशी आघाडी तुमची असेल आणि दोघींचे दिवे एकदम लागले, तर होतं ५-४. तुम्ही जिंकलात. म्हणजे आघाडीवर असलेलीला सुरेख टच मारायचा नसतो, समोरचीला एकटीला टच मिळू द्यायचा नसतो. मी ३-२ वर असताना तीन-चार सुंदर हल्ले करायला गेले आणि ३-५ हरले. ४-४ झाल्यावर मात्र एकदम लागलेले दिवे मोजत नाहीत, पुन्हा उभं राहायचं.

हरत असलात तरी प्रत्येक टचसाठी भांडा. पूलनंतरची क्रमवारी आधी विजयाच्या प्रमाणावर लागते, ते सारखं असेल तर मारलेले टच वजा खाल्लेले टच यावर. ०-५ आणि ४-५ या दोन्ही हारच, पण बाद फेरीत पहिली गाठ कोणाशी पडणार, ते त्या चार टचांवर ठरू शकतं. पूलच्या कागदावर सही करण्याआधी आपली ओळ बोट ठेवून वाचा. दुसऱ्या स्पर्धेत माझा एक विजय पराभव म्हणून लिहिला गेला होता. मी घाईत सही करणारच होते, बाजूच्या मुलीने टोकलं. सही झाल्यावर तक्रारीला अर्थ उरत नाही.

बाद फेरी पंधरा टचची. तीन-तीन मिनिटांचे तीन भाग, मध्ये एक मिनिट विश्रांती. त्या मिनिटात सर पाच सूचना देतील, तुम्ही एकच लक्षात ठेवू शकाल. मी सरांना आता आधीच सांगते, "एकच सांगा." राज्य स्पर्धेत संभाजीनगरच्या साई (भारतीय क्रीडा प्राधिकरण) केंद्रातल्या एका मुलीशी पडली माझी गाठ. डावखुरी. पहिल्या मिनिटात ०-४. विश्रांतीत सर एवढंच म्हणाले, "मनगट सोड, पायावर मार." ९-१५ हरले, पण त्या नवातले पाच टच तिच्या पायावरचे होते.

घरी आल्यावर बॅग तशीच कोपऱ्यात टाकाविशी वाटते. जॅकेट आणि हातमोजा बाहेर काढून वाळत घाला, तलवारी कोरड्या पुसा. मी एका वहीत प्रत्येक प्रतिस्पर्धीपुढे एक ओळ लिहिते : डावी की उजवी, पुढे येते की थांबते, कुठे टच खाल्ला. आणि शेवटी त्या दिवशी काय खाल्लं ते. पहिल्या पानावर अजून "मिसळ, तर्री दोनदा" असं आहे, मामाने त्याखाली सही केली आहे.