मालकंसाला डिस्टॉर्शन: गिटार कशी लावायची

मालकंस रागाच्या गाण्याला डिस्टॉर्शनची, म्हणजे मुद्दाम फाडलेल्या खरखरीत आवाजाची, रॉक गिटार जोडायची तर आधी गायकाची पट्टी, मग गिटार. रिफ (पुन्हापुन्हा वाजणारे छोटे तुकडे) बहुधा ई मध्ये सुचतात, कारण सहावी तार तिथे मोकळी वाजते. काळी चारची (जी शार्प) गायिका त्यावर एक तर मंद्रात बुडते, नाहीतर तारसप्तकात ओरडते, आणि खापर गळ्यावर फुटतं. तिच्यासाठी सहाव्या तारेचा चौथा फ्रेट हाच सा धरा. पांढरी दोनच्या (डी) गायकासाठी सहावी तार ई वरून डी ला उतरवा. काळी एक (सी शार्प) असेल तर त्यानंतर सहाही तारा आणखी अर्ध्या स्वराने खाली. तारा ढिल्या पडून फडफडायला लागल्या तर ११ चा, म्हणजे जाड तारांचा, सेट चढवा.

आता राग. पॉवर कॉर्ड म्हणजे निव्वळ षड्ज-पंचम, आणि मालकंसात पंचमच नाही. सवयीने सा वर पॉवर कॉर्ड वाजला की राग गेला. उपाय तानपुऱ्याकडे आहे: मालकंसासाठी पंचमाची तार मध्यमावर लावतात ना, तसं पांढरी दोनच्या गिटारची पाचवी तार ए वरून जी ला आणा. सहावी, पाचवी, चौथी अशा तारा झाल्या सा-म-सा. पाचव्या-चौथ्या तारांवर एकच बोट आडवं ठेवायचं. मोकळ्या तारांवर म-सा, तिसऱ्या फ्रेटला ध-ग, पाचव्याला नि-म, दहाव्याला ग-नि (ग, ध, नि अर्थातच कोमल). चारही कॉर्ड रागातलेच. सा वर मात्र फक्त सहावी आणि चौथी. मधली तार बोटाने बंद ठेवा. ती वाजू दिली तर डिस्टॉर्शनमध्ये कान मध्यमालाच सा समजू लागतो.

यमन किंवा भूप घेतलात तर भांडण गंधाराशी. गिटारचा शुद्ध गंधार तानपुऱ्यात उमटणाऱ्या गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट चढा असतो. १०० सेंट म्हणजे एक फ्रेट. साध्या आवाजात खपून जातं, डिस्टॉर्शनमध्ये घरघर होते. रिदम गिटारने गंधार सोडावा, तो गळ्यासाठी राखावा.

तिहाई, म्हणजे तीनदा घेऊन समेवर संपणारा तुकडा, ड्रमरसोबत बोटांवर मोजून घ्या. १६ मात्रांत पाच मात्रांचा तुकडा न थांबता तीनदा घ्यायचा तर तिसऱ्या मात्रेवरून उचला, शेवटचं अक्षर समेवर, म्हणजे पुढच्या आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, पडतं. किक ड्रम आणि क्रॅश झांज तिथेच.

रेकॉर्डिंगला हेडफोनमध्ये गिटार कमी, तानपुरा जास्त. २४ बिट ठेवा, आणि सर्वांत जोरदार पुकार उणे १० डीबीच्या वर जाणार नाही इतकाच गेन (माइकची पातळी). ऑटोट्यून (सूर आपोआप सरळ करणारं सॉफ्टवेअर) बंद: मींड पायऱ्यापायऱ्यांनी तुटते, आंदोलन सपाट होतं. मिक्समध्ये शब्द बुडत असतील तर आवाज चढवत बसू नका. गिटारमधून २ ते ४ किलोहर्ट्झचा पट्टा दोन-तीन डीबी कापा.

जुनी बंदिश वापरणार असाल तर रचनाकार कोण ते आधी शोधा. भारतात शब्द आणि चालीवरचा हक्क रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो. गुरूंनी शिकवली म्हणजे प्रसिद्ध करायची परवानगी मिळाली, असं होत नाही.