पाऊस आंबट आहे का? गच्चीवर तपासून पाहा

शहाबादी फरशीवर लिंबाचा रस सांडून तसाच राहिला, तर तिथे पांढुरका, खरखरीत डाग उठतो. कितीही घासा, जात नाही. कारण तो डाग नसतोच, फरशीच तेवढी झिजलेली असते. शहाबादी म्हणजे चुनखडीचा दगड, आणि आम्लात चुनखडी विरघळते. संगमरवराचंही तेच. धुरातून आलेल्या आम्लाने ताजमहाल झिजेल, हीच धास्ती होती. म्हणून १९९६ साली सुप्रीम कोर्टाने आसपासच्या कारखान्यांना बजावलं: कोळसा सोडून गॅसवर या, नाहीतर जागा बदला.

कोळसा, फर्नेस ऑइल जळलं की त्यातल्या गंधकाचा सल्फर डायऑक्साइड होतो. गाड्यांच्या इंजिनात हवेतल्याच नायट्रोजनचे ऑक्साइड बनतात. ढगांतल्या पाण्यात दोन्हींची आम्लं होतात आणि खाली येतात.

आता तपासणी. प्रयोगशाळेचं साहित्य विकणाऱ्या दुकानातून ४ ते ७ सामू (pH) दाखवणाऱ्या पट्ट्या आणा. सामू म्हणजे पाणी किती आम्ल ते सांगणारा आकडा: ७ च्या जितका खाली, तितकं आम्ल जास्त. मासे पाळणाऱ्यांचं किट नको, ते बहुधा ६ च्या खाली वाचतच नाही. हळदही इथे कुचकामी. ती अल्कलीने, म्हणजे आम्लाच्या उलट गुणाच्या चुना-साबणासारख्या पदार्थांनी, लाल होते, आम्लाला दाद देत नाही.

काचेचा किंवा प्लॅस्टिकचा वाडगा डिस्टिल्ड वॉटरने विसळून गच्चीवर स्टुलावर ठेवा, म्हणजे जमिनीवरचे शिंतोडे उडणार नाहीत. झाडाखाली नको. पागोळीचं पाणी तर अजिबात नको: सिमेंटला लागून आलेलं पाणी अल्कधर्मी होतं आणि सगळा हिशोब बिघडतो.

दुसऱ्या वाडग्यात थोडं डिस्टिल्ड वॉटर काही तास उघडं ठेवा. ते हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून ५.६ च्या आसपास येतं. निर्मळ पावसाचा सामूही साधारण एवढाच असतो. पावसाच्या पाण्यात क्षार नगण्य, त्यामुळे पट्टीचा आकडा डळमळतो. म्हणून आकड्यापेक्षा दोन पट्ट्यांचे रंग शेजारी धरून बघा. पावसाची पट्टी स्पष्टपणे आम्लाकडे झुकली तर शंका घ्यायला जागा आहे. ५.६ ऐवजी ४.६ म्हणजे आम्लता दहापट.

एकाच सरीवर निकाल देऊ नका. आपल्याकडे पहिल्या पावसात हवेतली धूळ धुऊन येते. तिच्यातला चुना आम्ल मारतो, आणि पाणी चक्क अल्कधर्मी निघू शकतं. धूळ अशी आम्लावर पांघरूण घालते. म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये, दोन-तीन दिवस झड लागल्यावर पुन्हा तपासा.

पाणी आम्लधर्मी निघालं तर? कुंड्यांची काळजी सोडा. पत्र्यावरून टाकीत पाणी घेत असाल तर मात्र लक्ष द्या: आम्लाने पत्र्याचं जस्त सुटतं. पहिल्या सरींचं पाणी सोडून द्या आणि गाळणीत चुनखडीच्या खड्यांचा थर घाला. खडे झिजतात, तेव्हा अधूनमधून भर टाकावी लागते.

शेतात मात्र माती परीक्षणाशिवाय चुना टाकू नका. कोकणातली जांभ्याची जमीन मुळातच आम्लधर्मी आहे, तिथे दोष पावसातल्या धुराला देणं चूक. स्वीडनने आम्लाने मासे मेलेल्या तळ्यांत चुना ओतला, पण तो पुन्हा पुन्हा ओतावा लागतो. खरा इलाज गंधक जाळण्याआधीच काढण्याचा. एप्रिल २०२० पासून बीएस-६ (भारत स्टेज-६, गाड्यांच्या प्रदूषणाचे सरकारी निकष) डिझेलमध्ये गंधकाची मर्यादा दशलक्ष भागांत ५० वरून १० वर आली, ती याच वाटेने.