वजनकाट्यावर दगडाची घनता कशी मोजावी

घनतेसाठी वस्तुमान आणि आकारमान दोन्ही लागतं. वस्तुमान काटा लगेच सांगतो, घोडं अडतं ते आकारमानापाशी. वेड्यावाकड्या दगडाला पट्टी लावता येत नाही. मोजपात्रात पाणी किती चढलं ते वाचताना अर्धा मिलिलिटर सहज इकडचा तिकडे होतो. म्हणून आकारमानही काट्यावरच काढावं.

०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा, बीकर, स्टँड आणि बारीक नायलॉनचा दोरा एवढं पुरे. सुती दोरा पाणी पितो, तो नको. बीकर आणि स्टँड मुंबईत प्रिन्सेस स्ट्रीटला मिळतील. दगड म्हणून बांधकामावरची काळी खडी घ्या. मुंबईच्या पोटातला बेसॉल्ट तोच.

खडी धुऊन पूर्ण वाळवा आणि आधी कोरडीच तोला. पावसाळ्यात ती उन्हावर वाळत नाही, मंद ओव्हनमध्ये ठेवा आणि गार झाल्यावरच काट्यावर घ्या. समजा ५८.४० ग्रॅम भरली. आता पाण्याचा बीकर काट्यावर ठेवून आकडा शून्य करा. स्टँड काट्याबाहेर टेबलावर हवा. त्याला दोऱ्याने टांगलेली खडी पाण्यात पूर्ण बुडवा, पण तळाला किंवा काचेला टेकू देऊ नका. पाणी खडीला वर ढकलतं, तेवढाच भार उलट काट्यावर येतो. म्हणून दिसणारा आकडा, समजा २०.१० ग्रॅम, हे खडीने बाजूला सारलेल्या पाण्याचं वस्तुमान. २८ अंश सेल्सिअसला पाण्याची घनता ०.९९६२ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर. दिसलेल्या आकड्याला तिने भागलं की खडीचं आकारमान मिळतं, आणि खडीच्या वस्तुमानाला त्या आकारमानाने भागलं की घनता:

५८.४० ÷ २०.१० × ०.९९६२ = २.८९ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर.

सगळ्यात जास्त जपायचं ते बुडबुड्यांपासून. खडीच्या खळग्यात अडकलेला ३ मिलिमीटर व्यासाचा एकच बुडबुडा आकडा ०.०१४ ग्रॅमने फुगवतो आणि घनता कमी दाखवतो. पाणी उकळून गार केलेलं वापरा, त्यातली विरघळलेली हवा निघून गेलेली असते. खडी तिरकी करत सावकाश बुडवा, दोरा हलकेच झटका, भिंगातून चारही बाजूंनी बघा. पंखा बंदच ठेवा. वाऱ्याने काटा डुलतो. खडी फार छोटी घेऊ नका: ५ ग्रॅमच्या खड्यात ०.०१ ग्रॅमची चूकही अर्ध्या टक्क्याहून जास्त पडते.

धातूंनाही हीच रीत चालते. ॲल्युमिनियम २.७०, तांबं ८.९६, चांदी १०.४९ यायला हवी. शुद्ध सोनं १९.३, पण टंगस्टनही जवळपास तेवढंच भरतं. त्यामुळे झवेरी बाजारातून आणलेल्या वळ्याची शुद्धता एवढ्यावरून ठरवू नका.