बीमरमध्ये मराठी उमटेना, तेव्हा

सांगलीत संख्याशास्त्राच्या तासाला कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळच्या पाणीपातळीचे आकडे घेऊन शिकवायचं होतं. सूत्रं भरपूर, म्हणून स्लाइड्स लाटेक या अक्षरजुळणीच्या प्रणालीत, तिच्या बीमर या स्लाइड्सच्या साच्यात करायला बसलो. लाटेकची पीडीएफ बनवणारा नेहमीचा प्रोग्रॅम, पीडीएफलाटेक, युनिकोड फाँट थेट घेत नाही, हे ठाऊक होतं. म्हणून ते फाँट घेणारं झीलाटेक वापरलं, फाँट निवडायचं फाँटस्पेक पॅकेज जोडलं, मुख्य फाँट ठरवणाऱ्या 'सेटमेनफाँट' आज्ञेत मुक्ता हा फाँट दिला. सूत्रं झकास, मराठी गायब! फाँट पुन्हा टाकून पाहिला, रात्रीचे दीड वाजले.

घोळ भलताच होता. बीमर मजकुरासाठी मुळात सॅन्स (टोकांना शेपट्या नसलेला) फाँट धरतं, त्यामुळे मेनफाँटला तिथे कुणी विचारत नाही. 'सेटसॅन्सफाँट'मध्ये मुक्ता टाकला आणि मराठी दिसली. पण जोडाक्षरं फुटलेली, पहिली वेलांटी अक्षराच्या डावीऐवजी उजवीकडे. 'स्थिती' वाचवेना. फाँटच्या पर्यायांत 'स्क्रिप्ट' देवनागरी लिहायचं राहिलं होतं, बाकी काही नाही.

मुक्ता घ्यायचं कारण साधं: देवनागरी आणि रोमन दोन्ही एकाच फाँटमध्ये.

आमचा प्रोजेक्टर जुना, चौकोनी. बीमरचं पान मुळातच १२८ बाय ९६ मिलिमीटर, म्हणजे ४:३, त्यामुळे तिथे हात लावावा लागला नाही. सकाळी मागच्या बाकावरून वाचून पाहिलं. तळटिपा तेवढ्या काढून टाकल्या.