‘दोघंही पॉझिटिव्ह, मग आता राहिलं काय?’ : हिपॅटायटिस सीबाबत या चुका टाळा

कोल्हापूरच्या दसरा चौकातल्या टपरीवर त्यानं रिपोर्टची घडी उलगडली आणि वाऱ्यानं उडू नये म्हणून चहाच्या ग्लासाखाली दाबली. यकृताची तपासणी, एसजीपीटी 238, म्हणजे खूप वाढलेला. "दारू बंद कर म्हणाले डॉक्टर," तो म्हणाला. "दादा, माळकरी हाय मी. दारू काय, अंडं बी शिवत नाही." गळ्यातली तुळशीची माळ बोटानं वर करून दाखवली.

आठ वर्षं एआरटीवर, म्हणजे एचआयव्हीच्या औषधांवर, गोळी चुकलेली नाही, व्हायरल लोड (रक्तातलं एचआयव्हीचं प्रमाण) सापडत नाही इतका कमी. ज्या खासगी दवाखान्यात तो गेला होता तिथं त्याला कुणी विचारलं नाही की संबंध कुणाशी असतात. त्यानंही सांगितलं नाही. हिपॅटायटिस सी सापडायला त्यानंतर पाच महिने गेले. मी एचआयव्हीसोबत जगणाऱ्या समलिंगी पुरुषांमध्ये समुपदेशनाचं काम करतो. त्या पाच महिन्यांत झालेली जवळपास प्रत्येक चूक मी दुसऱ्या कुणाच्या तरी बाबतीतही पाहिली आहे.

व्हायरल लोड दाबला म्हणजे सगळं दाबलं, असं समजणं

‘सापडत नाही म्हणजे पसरत नाही’ हे लैंगिक संबंधांतून जाणाऱ्या एचआयव्हीपुरतं शंभर टक्के खरं आहे. पण एआरटीच्या गोळीला हिपॅटायटिस सीशी देणंघेणं नाही. प्रेप (एचआयव्ही होऊ नये म्हणून घ्यायची गोळी) घेणाऱ्या जोडीदारालाही तेच लागू. यातूनच दुसरी समजूत निघते : "तो पॉझिटिव्ह, मी पॉझिटिव्ह, मग निरोध कशाला?" माझ्या मते आपल्या लोकांत सगळ्यात महाग पडणारी समजूत हीच आहे.

हा मुळात रक्तातून पसरणारा विषाणू. स्त्री-पुरुषांच्या संबंधांतून तो क्वचितच जातो, म्हणून जुन्या पत्रकांत तो लैंगिक आजारांच्या यादीत नसायचाच. पण 2000 सालाच्या आसपासपासून लंडन, ॲमस्टरडॅम, पॅरिस, पुढे सिडनी, न्यूयॉर्क इथल्या एचआयव्हीबाधित समलिंगी पुरुषांत लागण दिसू लागली, आणि त्यातल्या बऱ्याच जणांनी आयुष्यात कधी सुई टोचून नशा केलेली नव्हती. अशा पुरुषांच्या वीर्यात आणि गुदाशयाच्या स्रावातही विषाणू सापडला. गुदाशयाचं अस्तर नाजूक, त्याला चीर पडते, रक्त डोळ्यांना दिसेलच असं नाही. त्यात सिफिलिससारखी जखम असेल तर वाट आणखी मोकळी. शिवाय एचआयव्ही असताना यकृत आक्रसण्याचा वेगही जास्त असतो.

कावीळ म्हणजे पाण्याचा दोष, असं धरून बसणं

आपल्याकडे कावीळ म्हटलं की पंचगंगेचं पाणी. त्यात चूक काही नाही, 2012 साली इचलकरंजीत आलेली साथ लोक अजून विसरलेले नाहीत. पण ती दूषित पाण्यातून येणारी कावीळ. ‘सी’ पाण्यातून येत नाही, एका ताटात जेवल्यानं नाही, मिठी मारल्यानं नाही, चुंबनानंही नाही. बहुतेकांना सुरुवातीला कावीळ होतच नाही. थकवा, कधी मळमळ, बाकी काही नाही.

आपल्या माळकऱ्याचे डोळे थोडे पिवळे झाले होते. मग काय, घरच्यांनी नेलं कावीळ उतरवायला. चुन्याच्या पाण्यात हात धुवायला लावले, पाणी पिवळं झालं, सगळ्यांचं समाधान झालं. डोक्यावर काड्यांची माळ ठेवली, ती रोज थोडी लांबत गेली. (गाठी सैल होतात हो. ज्याला कावीळ नाही त्याच्या डोक्यावर ठेवून बघा, तरीही लांबते.) गळ्यात एक माळ होतीच, दुसरी डोक्यावर आली.

गंमत इथं आहे. महिन्यानं एसजीपीटी तपासला तर 61! ‘माळ लागू पडली.’ खरं तर या आजारात एसजीपीटी आपोआप वरखाली होतो. तो खाली आला म्हणजे विषाणू गेला असं नाही. काहींचं शरीर पहिल्या सहा महिन्यांत विषाणू स्वतःहून घालवतं, पण एचआयव्ही असेल तर ही शक्यता कमी. बाकीच्यांच्या यकृतात तो वर्षानुवर्षं गुपचूप बसतो.

चुकीची तपासणी, किंवा चुकीच्या वेळी तपासणी

मीच आग्रह केल्यावर त्यानं अँटी-एचसीव्ही केली. निगेटिव्ह. तो पेढे घेऊन आला.

अँटी-एचसीव्ही ही अँटिबॉडीची, म्हणजे विषाणूविरुद्ध शरीरानं बनवलेल्या प्रथिनांची तपासणी. लागण झाल्यावर अँटिबॉडी दिसायला साधारण दोन ते तीन महिने लागतात. एचआयव्हीसोबत जगणाऱ्यांत, विशेषतः सीडी4 (प्रतिकारशक्तीच्या पेशी) कमी असेल तर, त्याहून जास्त, आणि कधी ती उमटतच नाही. त्यामुळे एसजीपीटी विनाकारण वाढलेला आणि अँटिबॉडी निगेटिव्ह असेल तर तिथं थांबायचं नाही. एचसीव्ही आरएनए तपासणी मागायची. ती थेट विषाणूच शोधते, लागणीनंतर एक-दोन आठवड्यांतच. त्याचा आजार शेवटी आरएनएनंच पकडला.

उलटी चूकही होते. एकदा लागण होऊन गेली की अँटिबॉडी बहुधा जन्मभर राहते. पूर्ण बऱ्या झालेल्या माणसाचा रिपोर्ट पुढच्या वर्षीही ‘रिॲक्टिव्ह’च येतो. एका पोराला तेवढ्या कागदावर पुन्हा अख्खा कोर्स सुरू करायला निघाले होते. अशा वेळीही उत्तर आरएनएच देतो.

आणि एआरटी सुरू करताना झालेली तपासणी ही त्या दिवसापुरती असते. संबंध चालू असतील तर वर्षातून एकदा, आणि जोखीम जास्त असेल तर तीन ते सहा महिन्यांनी.

निरोध वापरला, पण बाकीचं सामायिक

निरोध हवाच. त्यावर खोबरेल मात्र लावू नका, तेलानं रबर कमकुवत होऊन फाटतं. पाण्याचं जेल वापरा, आणि एकाच डब्यात सगळ्यांची बोटं नकोत. लैंगिक खेळणं एकाकडून दुसऱ्याकडे जाताना नवा निरोध. हात आत जात असेल तर प्रत्येकासाठी वेगळे ग्लोव्हज. एनिमाचा पंप आपापला. हा विषाणू सुकलेल्या रक्तातही काही दिवस तग धरतो, म्हणून रूमवर एकमेकांचं रेझर वापरणंही सोडा.

शनिवार-रविवार पुण्या-मुंबईला पार्टीला जाणाऱ्यांसाठी : एमडी (मेफेड्रोन ही नशेची पूड) ओढायला जी नोटेची सुरळी फिरते तिच्यावर नाकातलं रक्त असू शकतं. सुई असेल तर प्रश्नच नाही, नवी आणि स्वतःची. नशेत तासन्‌तास चाललेल्या संबंधात चीर पडलेली कळतही नाही. प्रवचन देत नाही, फक्त कुठं लागतं ते सांगतोय.

लपवणं

28 जुलै 2018 ला राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, 6 सप्टेंबरला कलम 377 मधला आपला गुन्हा गेला, 10 सप्टेंबरला एचआयव्ही-एड्स कायदा लागू झाला. दीड महिन्यात तिन्ही! त्या कायद्यानं तुमची एचआयव्ही स्थिती तुमच्या संमतीशिवाय सहसा उघड करता येत नाही आणि त्यावरून उपचार नाकारता येत नाहीत. सीपीआर या सरकारी दवाखान्याच्या एआरटी सेंटरमधल्या समुपदेशकाला एवढंच म्हणा : "माझे पुरुषांशी संबंध आहेत, हिपॅटायटिस सी तपासा." तोंडानं जड जात असेल तर चिठ्ठीवर लिहून द्या. नाहीतर 1097 या एड्स हेल्पलाइनवर फोन करा.

औषधं आपल्या मनानं

2013 साली अमेरिकेत हिपॅटायटिस सीवरच्या सोफोसबुविरची एक गोळी हजार डॉलरला होती. आज आपल्याकडे त्या राष्ट्रीय कार्यक्रमात तपासणी आणि औषधं मोफत आहेत. यकृत आक्रसलेलं नसेल तर सोफोसबुविर आणि डॅक्लाटासविर, रोज, 12 आठवडे. शंभरातले पंचाण्णवच्या वर बरे होतात, एचआयव्ही असला तरी. पूर्वीच्या इंटरफेरॉनच्या इंजेक्शनांची भीती अजून मनात असेल तर ती काढून टाका.

पण सगळ्या गोळ्या डॉक्टरांसमोर ठेवा. डोलुटेग्राविरवाल्या एआरटीशी हा कोर्स जमतो. इफाविरेन्झ किंवा रिटोनाविरसोबतचं अटाझानाविर चालू असेल तर डॅक्लाटासविरचा डोस बदलतो. टीबीचं रिफाम्पिसिन चालू असताना हा कोर्स चालत नाही. यकृत आक्रसलेल्यांना डॅक्लाटासविरऐवजी वेलपाटासविर देतात. त्यांनी तांबडा रस्सा ओरपून वर ॲसिडिटीची गोळी टाकायची सवय डॉक्टरांना आधी सांगावी, त्या गोळीनं वेलपाटासविर नीट शोषलं जात नाही. हिपॅटायटिस बीची तपासणी कोर्सच्या आधीच हवी, कारण सी जाताना झोपलेला बी उठू शकतो. बीची लस आहे, सीची नाही.

बरं झालं की नाही हे शेवटच्या गोळीच्या दिवशी ठरत नाही. त्यानंतर 12 आठवड्यांनी पुन्हा आरएनए करतात, तेव्हा ठरतं. आणि बरं झालेल्याला पुन्हा लागण होऊ शकते, देवी-गोवरासारखं एकदा होऊन सुटलं असं इथं नाही. म्हणून जोडीदाराचीही तपासणी त्याच सुमारास करून घ्या, नाहीतर कोर्स संपेपर्यंत एकानं दुसऱ्याला परत दिलेलं असतं.

माळकऱ्याचा कोर्सनंतरच्या बाराव्या आठवड्याचा रिपोर्ट ‘नॉट डिटेक्टेड’ आला. त्याच टपरीवर त्यानं तो ग्लासाखाली दाबला. जोडीदाराचा अजून यायचा होता.

"आता परत कधी?"

"सहा महिन्यांनी. आरएनएच कर, अँटिबॉडी नको."

त्यानं बोटांवर महिने मोजले. "म्हणजे वारीत येतंय की ओ."

"मग निघायच्या आधी रक्त देऊन जा."