कायम इन्स्पेक्टरच मिळतोय? भूमिका निवडून ओळख बदलायची कशी

माझ्या फोनमध्ये नटांची नावं कशी सेव्ह केली आहेत हे कळलं, तर निम्मे लोक माझ्याशी बोलणं टाकतील. 'इन्स्पे. उंच ठाणे'. 'आत्या खाष्ट'. 'वकील टक्कल मालवणी'. खरं नाव कुठेतरी शेवटी. अपमान करायचा हेतू नसतो. रात्री साडेदहाला मालिकेच्या ईपीचा, म्हणजे एक्झिक्युटिव्ह प्रोड्यूसरचा फोन येतो: उद्या सातच्या शिफ्टला वकील पाहिजे, दोनच सीन आहेत, काळा कोट स्वतःचा असेल तर बरं. अशा वेळी गुणी कोण आहे याचा विचार करायला सवड नसते. कोट कुणाकडे आहे, एवढंच आठवायचं.

या नोंदीतून बाहेर कसं पडायचं, असं नट मला नेहमी विचारतात. अभिनय मी शिकवत नाही, तो माझा प्रांत नव्हे. पण कुणाची ओळख बदलली आणि कुणाची नाही, हे कास्टिंगच्या, म्हणजे भूमिकांसाठी नट निवडण्याच्या खुर्चीतून बरंच दिसतं. त्यातलं कामाचं तेवढं सांगते.

आधी यादी करा

गेल्या दोनेक वर्षांत ज्या ज्या कामांसाठी फोन आले ती सगळी लिहून काढा. केलेली आणि नाकारलेली, दोन्ही. प्रत्येकासमोर लिहा, मलाच का विचारलं असेल? 'उंची', 'चेहरा' यावर थांबू नका. इन्स्पेक्टरसाठी ज्याला बोलावतात तो बहुधा असा असतो, की तो खोलीत आला की बाकीच्यांचे आवाज आपोआप खाली येतात. नायिकेच्या मैत्रिणीसाठी जिला बोलावतात, तिला समोरच्याचं ऐकत असताना कॅमेऱ्यात बघत राहावंसं वाटतं. ती नेमकी गोष्ट शोधा. स्वतःला सापडत नसेल तर आवाज बंद करून आपलेच चार सीन बघा, लगेच दिसेल.

तेच तुमचं भांडवल. बहुतेक नट ते फेकून द्यायला निघतात. खलनायकीचा कंटाळा आला की एकदम देवमाणूस व्हायचं असतं, विनोदाचा आला की एकदम क्षयरोगी कवी. प्रेक्षक बिचारा गोंधळतो. माझं म्हणणं असं, की स्वभाव तोच ठेवायचा आणि हेतू बदलायचा. आवाज, चाल, नजर, लोकांच्या मनातली धास्ती किंवा माया हे सगळं जागच्या जागी राहू द्या. त्या माणसाला हवं काय असतं, तेवढं बदललं की पुरतं.

प्राण यांचं उदाहरण सगळ्यांना माहीत असतं, पण लोक ते चुकीचं वाचतात. 'उपकार'मध्ये (१९६७) ते मलंगचाचा झाले म्हणजे दुष्टाचा सज्जन झाला, असं म्हणतात. नीट बघा. कुबड्यांवरचा तो माणूस गोडगोड बोलत नाही. जगाबद्दलचा कडवटपणा, शब्द चावून टाकण्याची पद्धत, सगळं जुनंच आहे. फक्त तो कडवटपणा आता भल्या माणसांच्या बाजूने उभा आहे.

निळूभाऊंकडे जरा थांबून बघा

मराठीतला धडा म्हणाल तर निळू फुले. 'एक गाव बारा भानगडी'पासून (१९६८) गावचा बेरकी, बाईवर वाईट नजर ठेवणारा माणूस म्हणजे निळूभाऊ, हे समीकरण इतकं पक्कं झालं, की खेडोपाडी बाया त्यांच्या नावानं बोटं मोडायच्या. 'सामना'तला हिंदुराव धोंडे पाटील हा त्याच जातीचा, पण त्याला वजन होतं. साखर कारखाना, सत्ता, आणि मास्तरसमोर हळूहळू ढिला पडत जाणारा रुबाब. मग १९७९ साली 'सिंहासन'. जब्बार पटेलांनी त्यांना पत्रकार केलं, दिगू टिपणीस. अवतीभवती मंत्री, पुढारी, भांडवलदार, आणि हा मधून फिरणारा, ऐकणारा, बघणारा.

त्यात निळूभाऊंची नजर बघा. पाटलाच्या भूमिकेत समोरच्याची किंमत करणारी ती तिरकी नजर दिगूकडेही आहे. आता ती मंत्र्यांची किंमत करते. आधीची सगळी वर्षं आपण त्या नजरेला घाबरायला शिकलो होतो, म्हणून दिगू नुसता गप्प उभा राहिला तरी सीनमध्ये काहीतरी घडतं. दुसऱ्या एखाद्या सोज्वळ नटाला उभं केलं असतं तर तो फक्त गप्प उभा राहिला असता.

आणखी एक गोष्ट लोक विसरतात. हे सगळं पडद्यावर एकदम आलेलं नाही. १९७२ साली त्यांनी रंगमंचावर 'सखाराम बाइंडर' केलं, पुढे 'सूर्यास्त'मध्ये म्हातारा गांधीवादी केला. मराठी नटाला ही सोय आहे. सिनेमावाला तुमच्यावर पैसे लावून प्रयोग करणार नाही, नाटकात तो तुम्हाला तालमीच्या चहावर करता येतो. प्रायोगिकला मानधन नाही म्हणून नाक मुरडू नका. दिग्दर्शकांच्या नजरेत भरायचं असेल तर पाच-पन्नास प्रेक्षकांचा प्रयोगही पुरतो, त्यांतले दोघं कामाचे असले की झालं.

पुलाची भूमिका

एका उडीत पलीकडे जाता येत नाही. मध्ये एक भूमिका लागते, जिचा एक पाय जुन्या ओळखीत असतो. सैफ अली खानबद्दल बोलताना लोक 'दिल चाहता है' (२००१) वरून थेट 'ओंकारा'तल्या (२००६) लंगडा त्यागीवर येतात. मध्ये २००४ चा 'एक हसीना थी' आहे. त्यात तो सुरुवातीला तोच आहे: गोड हसणारा, पोरींना आवडणारा. नंतर कळतं की ते हसू हाच त्याचा धंदा आहे. हे एकदा बघितल्यावर त्याचे केस कापलेले आणि दात खराब झालेले बघायला आपण तयार झालो.

त्याच सिनेमात उर्मिला मातोंडकरही आहे. 'रंगीला'नंतर (१९९५) तिला आयुष्यभर तसंच नाचवलं गेलं असतं. 'सत्या'त (१९९८) ती चाळीतली साधी विद्या झाली, मग 'कौन', मग 'भूत'. चेहऱ्यावरचा तो भाबडेपणा तिने कधी टाकला नाही. आधी तो प्रेमात पाडायला वापरला, नंतर घाबरवायला.

आईच्या भूमिकेत अडकलेल्या बायकांना मी नेहमी 'वास्तव' (१९९९) बघायला सांगते. रीमा लागू आणि संजय दत्त यांच्यात जेमतेम वर्षाचं अंतर, १९५८ आणि १९५९. तरी आई-मुलगा! ही इंडस्ट्रीची लाज आहे, पण तो वेगळा विषय. 'मैंने प्यार किया'पासून रीमाताई म्हणजे समजूतदार, हसरी आई. 'वास्तव'मध्येही माया तीच, आणि त्या मायेपोटीच ती पोटच्या पोरावर गोळी झाडते. ही आईचीच भूमिका आहे, आणि त्या भूमिकेनंतर आईची भूमिका म्हणजे काय हेच बदललं.

ललिताबाई पवारांना तर निवडीला वावच नव्हता. १९४२ साली शूटिंगमध्ये बसलेल्या थपडेने चेहऱ्याचा काही भाग लुळा पडला, डावा डोळा कायमचा बारीक झाला, नायिकेची कामं संपली. त्या डोळ्यावर खाष्ट सासवांची रांग लागली, हे सगळे सांगतात. मला 'अनाडी'तल्या (१९५९) मिसेस डिसा जास्त महत्त्वाच्या वाटतात. तोंडाने फटकळ, आतून मऊ. डोळा तोच, कडकपणा तोच, आणि फिल्मफेअर त्याच भूमिकेला.

संहिता हातात आली की

लांबी मोजू नका. आपल्या माणसाला एखादा निर्णय घ्यायचा आहे का, ते शोधा. सगळ्या सीनमध्ये असून फक्त बातम्या पोचवणारा माणूस तुमची ओळख बदलणार नाही. तीन सीनमधला, ज्यातल्या एकात त्याला खरं बोलायचं की गप्प बसायचं हे ठरवायचं आहे, तो बदलेल.

नॅरेशन, म्हणजे दिग्दर्शक कथा ऐकवतो ते ऐकताना त्याला सरळ विचारा, 'माझं कुठलं काम बघून मला बोलावलंत?' तुमचाच गाजलेला इन्स्पेक्टर सांगितला, तर तो तेच मागणार. एखाद्या जुन्या नाटकातला छोटा प्रवेश सांगितला, तर त्याला तुमच्यात दुसरं काहीतरी दिसलेलं आहे. त्याचे पैसे कमी असले तरी ऐकून घ्या. दिग्दर्शक नवखा आहे म्हणून घाबरू नका. 'पुळु' (२०२२) हा मल्याळम सिनेमा दिग्दर्शिका रतीना यांचा पहिलाच होता, आणि त्यातले मोठे मल्याळम नट मामुट्टी सत्तरी ओलांडलेले. पडद्यावर वर्षानुवर्षं पोलीस अधिकारी म्हणून टाळ्या घेतलेला हा माणूस तिथे पोलीस अधिकारी राहिलेला बाप झाला, आणि तोच दरारा स्वतःच्या लहान मुलाचा श्वास कोंडायला वापरला. इन्स्पेक्टर मंडळींनी हा सिनेमा वही घेऊन बघावा.

दाढी, वजन, विग याने लूक टेस्ट बदलते, भूमिका बदलत नाही. एक किस्सा सांगते, नाव नको. कायम पोलीस करणारे एक नट माझ्याकडे शिंप्याच्या भूमिकेच्या ऑडिशनला आले. दाढी वाढवलेली, चष्मा लावलेला, तयारी उत्तम. पण उभे राहिले की दोन्ही अंगठे पट्ट्यात. चार वाक्यं झाली की पुन्हा अंगठे पट्ट्यात. शेवटी त्यांच्या एका हातात कापडाचा तागा दिला, दुसऱ्यात कात्री, आणि म्हटलं, हे खाली ठेवायचं नाही. अंगठ्यांना जागाच उरली नाही. खांदे उतरले, आवाज निम्म्यावर आला, आणि मुलीला 'जा' म्हणायचं वाक्य त्यांनी ताग्याकडे बघत म्हटलं. दिग्दर्शकाने तिथेच नाव लिहून घेतलं. आपली अशी सवय कुठली आहे ते बघून ठेवा, आणि ऑडिशनला जाताना तिच्या आड येईल अशी वस्तू घेऊन जा.

पैसे आणि नकार

मालिकेचे पैसे तीन महिन्यांनी हातात येतात, घराचा हप्ता दर महिन्याला जातो. म्हणून 'आता एकही इन्स्पेक्टर करणार नाही' अशा भीष्मप्रतिज्ञा करू नका. साधा नियम ठेवा: सिनेमा आणि वेब सिरीजला गणवेश नाही, मालिकेत चालेल. मालिकेतला ट्रॅक लोक महिन्याभरात विसरतात, सिनेमातला इन्स्पेक्टर दहा वर्षं टीव्हीवर पुन्हा पुन्हा लागतो.

एकावर थांबू नका

लक्ष्मीकांत बेर्डेंचं 'एक होता विदूषक' (१९९२) आठवा. लेखन पु. ल. देशपांड्यांचं, दिग्दर्शन जब्बार पटेलांचं, तमाशात वाढलेल्या, हसवण्याच्या जोरावर मोठ्या झालेल्या माणसाची गोष्ट. हेतू बदलला, भांडवल तेच, म्हणजे मी वर जे जे सांगितलं ते सगळं त्यात होतं. राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. पण थिएटरात लोक हसायला आले होते, सिनेमा चालला नाही आणि लक्ष्याला पुन्हा विनोदाकडे वळावं लागलं. मला वाटतं, त्या तोडीची दुसरी आणि तिसरी भूमिका पाठोपाठ आली असती तर चित्र वेगळं दिसलं असतं. त्या काळी ती लिहायला मराठीत कुणी बसलेलं नव्हतं, हे दुर्दैव.

मामुट्टींनी नेमकं इथेच शहाणपण दाखवलं. 'पुळु'नंतर 'रोर्शाक', मग 'नन्पकल नेरत्तु मयक्कम', 'कादल', आणि २०२४ मध्ये कृष्णधवल 'भ्रमयुगम'. दोन वर्षांत इतके धक्के, की जुना मामुट्टी कुठला हे प्रेक्षकांनी विचारायचंच सोडलं. यातले काही सिनेमे त्यांनी स्वतःच्या कंपनीतून काढले. आपल्याकडे जितेंद्र जोशीने 'गोदावरी'च्या निर्मितीत स्वतः उतरून ती भूमिका केली, आणि २०२१ साली गोव्याच्या इफ्फी या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा रौप्यमयूर घेतला. तुमच्या खिशात निर्मितीचे पैसे नसतील, हे मला माहीत आहे. लेखक मित्र तर असेल? पहिली वेगळी भूमिका शूट होत असतानाच त्याच्याबरोबर दुसरीवर बसा. पहिलीचा निकाल लागेपर्यंत थांबलात तर निकाल वाईट आल्यावर कुणी भेटत नाही.

शेवटचं, शोरील, म्हणजे आपल्या निवडक कामाचा छोटा व्हिडिओ. दीड मिनिटापेक्षा मोठं नको. गणवेशातला सीन ठेवायचाच असेल तर सगळ्यात शेवटी. सुरुवातीला नवीन काम, तेही क्लोजअपमधलं आणि मागे संगीत न लावलेलं. आणि लिंक उघडी ठेवा. परवानगी मागणाऱ्या लिंकवर रात्री अकरा वाजता कुणीही थांबत नाही, पुढचा नंबर लावला जातो.